सशाचं पोट थांबतं तेव्हा: घरी ओळखायचं कसं आणि करायचं काय

‘रात्री तर उड्या मारत होता, सकाळी कोपऱ्यात बसून राहिला आणि संध्याकाळपर्यंत गेला.’ ससा पाळणाऱ्यांकडून हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. पाठोपाठ दुसरंही येतं: ससे नाजूकच असतात. खरं तर नीट सांभाळलेला पाळीव ससा आठ-दहा वर्षं सहज जगतो. अचानक गेला असं वाटणाऱ्या सशाचं पोट पुष्कळदा एक-दोन दिवस आधीच मंदावलेलं असतं. त्याची खबर त्याच्या लेंड्यांच्या ट्रेमध्ये पडलेली असते, फक्त ती वाचायची असते हे कोणी सांगितलेलं नसतं.

पशुवैद्य या अवस्थेला ‘जीआय स्टॅसिस’ म्हणतात. म्हणजे जठर आणि आतड्यांची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. पुढे आपण नुसतं ‘स्टॅसिस’ म्हणू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: स्टॅसिस हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो, कशाचा तरी परिणाम असतो. त्यामुळे घरच्या उपायांनी पोट पुन्हा सुरू झालं तरी कारण शोधायचं राहूनच जातं.

सशाचं पोट चालतं कसं

माणसाचं जठर दोन जेवणांच्या मधे रिकामं होतं. निरोगी सशाचं कधीच पूर्ण रिकामं होत नाही. तो दिवसभर आणि रात्रभर थोडं थोडं खात राहतो आणि आतलं अन्न सतत पुढे सरकत राहतं. सरकता पट्टा डोळ्यांसमोर आणा. मागून माल येत राहिला तरच पुढचा हलतो. माल यायचा थांबला की पट्टाही थांबू लागतो.

खरी गंमत मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आहे. तिथे चाळणी बसवल्यासारखं काम चालतं. पीठ चाळताना कोंडा वेगळा होतो, तसे गवताचे लांब, न पचणारे तंतू बाजूला काढले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र मागे, उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत ढकललं जातं. ही पिशवी सशाच्या पोटातला सगळ्यांत मोठा अवयव आहे. अख्ख्या पचनमार्गातली सुमारे ४० टक्के जागा ती एकटी व्यापते. आत अब्जावधी उपयुक्त जिवाणू असतात. ते त्या बारीक कणांना आंबवून त्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार करतात.

हा आंबवलेला माल मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या इवल्याशा घडासारख्या लेंड्यांच्या रूपात बाहेर येतो, आणि ससा तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येते आणि बरेच जण सशाला हटकतात. हटकू नका. ते त्याचं दुसरं जेवण आहे आणि त्याच्याशिवाय त्याचं पोषण पुरं होत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. लांब तंतू सशाला स्वतः फारसं पोषण देत नाहीत, पण आतड्यांना ढकलणारा जोर त्यांच्यातूनच येतो. म्हणून वाळलेलं गवत हा सशाच्या पोटाचा इंजिनभाग आहे, तोंडी लावणं नव्हे.

लेंड्या वाचायला शिका

निरोगी ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० कोरड्या लेंड्या टाकतो. मोजत बसायची गरज नाही. ट्रे रोज एकाच वेळी साफ करा, म्हणजे ‘आज कमी आहेत’ हे नजरेलाच कळतं.

एक लेंडी उचला आणि दोन बोटांत चिरडा. चांगली लेंडी थोड्याशा दाबाने फुटते आणि आत फिकट, भुशासारखे गवताचे तंतू दिसतात. वास जवळजवळ नसतो. आता बिघडलेल्या लेंडीकडे बघा: आकार लहान, रंग गडद, इतकी टणक की बोटात फुटत नाही. म्हणजे आतड्यात ती जास्त वेळ राहिली आणि तिच्यातलं पाणी शोषलं गेलं. आकार वेडावाकडा, थेंबासारखा निमुळता किंवा दोन चिकटलेल्या असतील तर हालचाल अनियमित झाली आहे. केसांनी माळेसारख्या ओवलेल्या लेंड्या केस गळण्याच्या दिवसांत दिसतात. ससा नीट खात असेल तर त्यात घाबरण्यासारखं नाही, पण तेव्हा गवत वाढवा आणि रोज ब्रश करा. लेंड्यांबरोबर जेलीसारखा पारदर्शक चिकट पदार्थ आला तर आतड्याच्या अस्तराला त्रास होतोय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मऊ लेंड्या ट्रेमध्ये चेंगरलेल्या किंवा शेपटीखाली चिकटलेल्या सापडल्या तर लोक ‘जुलाब लागले’ म्हणतात. बहुतेक वेळा ते जुलाब नसतात. कोरड्या लेंड्याही सोबत होत असतील, तर ससा मऊ लेंड्या खात नाहीये एवढंच. एक तर आहारात गोड आणि पिष्टमय खूप आहे, नाहीतर लठ्ठपणामुळे, पाठीच्या किंवा दातांच्या दुखण्यामुळे त्याला तिथवर तोंड नेता येत नाही. खरे जुलाब म्हणजे कोरड्या लेंड्या बंद आणि नुसतं पाणी. ते वेगळं आणि फार गंभीर प्रकरण आहे. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लात तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

शेपटीखालची घाण मात्र दोन्ही बाबतींत ताबडतोब साफ करा. उष्ण दिवसांत माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडून सशाची कातडी खाऊ लागतात.

थांबलेलं पोट आणखी कसं थांबतं

सुरुवात कशानेही होऊ शकते. दाढेचं टोक वाढून जिभेला टोचतंय, मूत्राशयात खडा आहे, सांधे दुखताहेत, गवत संपलं आणि दोन दिवस पेलेट्सवरच (विकत मिळणाऱ्या दाणेदार खाद्यावरच) भागवलं, पाण्याची बाटली तुंबली, सोबतचा ससा गेला, घर बदललं, उकाडा वाढला. वेदना आणि भीती या दोन्हींनी शरीरात तयार होणारी रसायनं आतड्यांच्या हालचालीला लगाम घालतात.

हालचाल मंदावली की जठरातल्या लगद्यातलं पाणी शोषलं जात राहतं आणि तो उघड्यावर राहिलेल्या कणकेसारखा घट्ट होतो. उंडुकातल्या जिवाणूंना ताजा माल मिळत नाही. चांगले कमी होतात, वायू करणारे माजतात. वायूने पोट ताणलं जातं आणि दुखतं. दुखलं की ससा खात नाही. खाल्लं नाही की पट्टा आणखी मंदावतो. हे चक्र स्वतःहून क्वचितच तुटतं, म्हणून ‘उद्या बघू’ हा सशाच्या बाबतीत सगळ्यांत महाग निर्णय.

‘एक दिवस उपाशी ठेवलं तर पोटाला आराम मिळेल ना?’

माणसाचं पोट बिघडलं की लंघन करावं, हा सल्ला सशाला लावू नका. त्याचं पोट चालतंच येणाऱ्या अन्नाच्या जोरावर. शिवाय उपाशी ससा अंगातली चरबी झपाट्याने वापरायला काढतो. ती यकृतात साठते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. लठ्ठ सशांना हा धोका जास्त. शस्त्रक्रियेआधीसुद्धा सशाला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळे भुलेत उलटी होण्याची भीती हे उपाशी ठेवण्याचं एक मोठं कारण त्याला लागूच पडत नाही.

दुखणं लपवणाऱ्या प्राण्याचं दुखणं ओळखायचं कसं

ससा शिकारी नाही, शिकार होणारा प्राणी आहे. आजारी दिसणं त्याला परवडत नाही. म्हणून तो ओरडत नाही, कण्हत नाही, गप्प होतो. ही गप्पगिरी आपल्याला ‘आज शांत आहे’ अशी वाटते.

सगळ्यांत सोपी तपासणी म्हणजे त्याचा जीव की प्राण असलेला पाला किंवा फळाचा नखाएवढा तुकडा नाकापुढे धरणं. एरवी झडप घालणारा ससा तोंड फिरवतोय किंवा नुसता हुंगून सोडतोय, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे. तोंडात घेऊन टाकून देत असेल तर दातांचा संशय घ्या.

मग बसण्याची ढब बघा. पाठ कमानीसारखी करून पाय अंगाखाली घट्ट ओढून बसणं, पोट जमिनीवर दाबणं, सारखी जागा बदलून पुन्हा आडवं होणं, डोळे अर्धे मिटलेले, कान मागे, गालांचे स्नायू आवळलेले: ही पोटदुखीची चिन्हं. दातांचा आवाजही ऐका. कुरवाळताना येणारी हलकी, जलद कुटकुट समाधानाची असते. एकटा बसून मोठ्याने, थांबून थांबून दात करकरवणं वेदनेचं असतं.

पोटाला कान लावून दोन्ही बाजूंना एकेक मिनिट ऐका. निरोगी पोटात अधूनमधून हलकी गुडगुड असते. पूर्ण शांतता वाईट, आणि पाणी ओतल्यासारखा मोठा खळखळाट म्हणजे वायू. ससा बरा असतानाच हे दोन-चारदा ऐकून ठेवा. नाहीतर ऐन वेळी तुलना कशाशी करणार?

शरीराचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असायला हवं. गुदद्वारातून मोजायचं असतं, त्यामुळे पद्धत आधी पशुवैद्याकडून शिकून घ्या. नुसते थंड कान हा पुरावा नाही, गार खोलीत ते तसेही थंड असतात. पण कानांबरोबर पंजेही गार आणि ससा सुस्त असेल तर तापमान उतरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ३८ च्या खाली गेलेला ससा तापलेल्या सशापेक्षा पुष्कळदा जास्त संकटात असतो.

घरी काहीही न करता थेट कधी निघायचं

पोट फुगून ढोलकीसारखं ताठ झालंय, ससा गार आणि लुळा पडलाय, आणि हे काही तासांत घडलंय, तर आतडं अडल्याची शंका घ्या. स्टॅसिसमध्ये ससा हळूहळू मलूल होतो, अडथळ्यात एकदम कोसळतो. उलटी करता येत नसल्यामुळे अडलेल्या पोटातला वायू आणि द्रव यांना वर यायला वाट नसते. अशा वेळी सिरिंजने भरवलं तर फुग्यात आणखी हवा भरल्यासारखं होतं. काही भरवू नका, पोट चोळू नका, ऊब देत निघा.

पाण्यासारखे जुलाब, तोंडाने श्वास, उभं राहता न येणं किंवा सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तरीही थांबायचं नाही. आणि यातलं काही नसलं तरी १२ तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे तपासणी हवीच. खरं तर एक जेवण पूर्ण चुकलं, की तेव्हाच फोन करून ठेवावा.

डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत

आधी वेळ लिहा: शेवटचं कधी खाल्लं, शेवटच्या लेंड्या कधी, त्या कशा होत्या. दोन-चार लेंड्या पिशवीत घ्या. ससा गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा आणि त्याला दूर सरकता येईल एवढी जागा सोडा. उलट उकाड्याने तो धापा टाकत असेल तर ऊब अजिबात नको. कान थंड पाण्याने ओले करा आणि गार जागेत ठेवा.

जवळ ताजं गवत, पाण्याने ओला केलेला पाला आणि वाटीत पाणी ठेवा. थोडं चालू-फिरू द्या, हालचालीने आतड्यांनाही चालना मिळते. दोन ससे एकत्र राहत असतील तर वेगळे करू नका, डॉक्टरांकडेही दोघांना न्या. सोबतीनेही भीती उतरते.

सिरिंजने भरवायचं ते अडथळा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. त्यासाठी ते एक्स-रे काढतात, आणि पुष्कळदा रक्तातली साखरही बघतात, कारण आतडं अडलेल्या सशाची साखर खूप वर जाते. परवानगी मिळाली की आजारी सशांसाठी मिळणारी तंतुमय पावडर उत्तम. ती नसेल तर त्याचे रोजचेच पेलेट्स एक भाग आणि कोमट पाणी दोन ते तीन भाग घ्या, १५-२० मिनिटं भिजवा आणि गुठळी न राहील असं घोटा. पातळ खिरीइतकं झालं पाहिजे. तंतू जाड राहिले तर सिरिंजचं तोंड तुंबतं, मग आपण जोर लावतो आणि एकदम मोठा घोट घशात जातो. रुंद तोंडाची सिरिंज घ्या. लहान सिरिंजचं टोक कापलंत तर कापलेली कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर ओठ चिरतो.

मात्रा साधारण अशी: दिवसभरात दर किलो वजनामागे ५० मिलिलिटर, चार-पाच वेळांत वाटून. म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला १०० मिलिलिटर, एका वेळी २० ते २५. पहिल्या खेपेला निम्म्यानेच सुरुवात करा.

भरवताना जमिनीवर बसा, कारण टेबलावरून उडी मारलेल्या सशाचे पाय किंवा पाठ मोडते. त्याला टॉवेलात गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर, चारही पाय खाली टेकलेले. उताणा कधीच करू नका आणि मान मागे झुकवू नका. पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूला मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथून आडवं आत घाला आणि अर्धा ते एक मिलिलिटर सोडा. थांबा. जबडा हलताना, चावताना दिसला पाहिजे. मगच पुढचा घोट. चावत नसेल आणि अन्न तसंच बाहेर येत असेल तर थांबा, कारण जबरदस्तीत ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो.

औषधांबाबत हात आवरा

स्टॅसिसमध्ये वेदनाशामक हे फार मोलाचं औषध आहे, पण ते कोणतं आणि किती हे पशुवैद्यानेच ठरवायचं. सशाची मात्रा कुत्र्या-मांजरांहून वेगळी असते आणि माणसांच्या गोळ्यांचा अंदाज घातक ठरू शकतो. आतडी हलवणारी औषधंही अडथळा असताना दिली तर नुकसान करतात.

अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकं सशाला तोंडाने कधीही देऊ नयेत. ती उंडुकातले चांगले जिवाणू मारतात, त्या जागी विषारी जिवाणू वाढतात आणि ससा त्या विषाने दगावतो. घरात उरलेली गोळी पाव करून देणं म्हणजे नेमकं हेच. वायूसाठी लहान मुलांना देतात ते सिमेथिकोन आतड्यातून शोषलं जात नाही, म्हणून अनेक पशुवैद्य ते द्यायला हरकत घेत नाहीत. पण त्याने गुण येतोच याला भक्कम आधार नाही. ते देऊन वाट बघत बसलात, तर वेळ गेला.

‘पण पोटात केसांचा गोळा होतो म्हणतात’

अंग चाटणाऱ्या प्रत्येक सशाच्या जठरात केस असतात, निरोगी सशाच्याही. पोट चालू असेल तर ते अन्नाबरोबर निघून जातात. पोट थांबून लगदा सुकला की केस आणि अन्न मिळून गोळा होतो. म्हणजे जठरातला गोळा हा पोट थांबल्याचा परिणाम. उपाय आहे पाणी पोचवणं, वेदना कमी करणं आणि हालचाल परत आणणं. यात एक अपवाद आहे: घट्ट दाबल्या गेलेल्या केसांची टणक गुठळी लहान आतड्यात अडकली तर खराखुरा अडथळा होतो, आणि वर सांगितलेली एकदम कोसळण्याची चिन्हं दिसतात.

अननसाचा रस केस विरघळवतो ही समजूत फार पसरली आहे. त्यातला घटक काही प्रथिनं तोडतो, केसांचं प्रथिन नाही. सशाला मिळते ती साखर, आणि ती वायू करणाऱ्या जिवाणूंच्या पथ्यावर पडते. दही आणि दूधही देऊ नका.

बरा होतोय हे कसं कळेल

पहिल्या लेंड्या लहान, काळ्या, टणक, केसांत गुंतलेल्या येतात. त्या बघून निराश होऊ नका, आत साचलेलं तेच आधी बाहेर पडणार. पुढच्या काही दिवसांत आकार वाढत गेला आणि रंग फिका होत गेला की गाडी रुळावर येते आहे. एक पान खाल्लं म्हणून भरवणं आणि वेदनाशामक लगेच बंद करू नका. तो पुरेसं खातोय की नाही हे पाल्यावरून ठरवू नका, गवतावरून ठरवा.

दोन-तीन महिन्यांत पुन्हा असंच झालं तर दाढा तपासायला सांगा. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे आपल्याला दिसतात, दाढा दिसत नाहीत, आणि वारंवार पोट थांबण्याचं कारण बरेचदा तिथेच असतं.

रोजचं साधं गणित

रोज त्याच्या अंगाच्या आकाराएवढा वाळलेल्या गवताचा ढीग, आणि संपला तर पुन्हा. पेलेट्स दर किलो वजनामागे २५ ग्रॅमच्या वर नकोत. वाडगा भरून ठेवला की ससा गवत सोडतो, आणि बिघाडाची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. गाजर हे सशाचं जेवण नाही, खाऊ आहे. पाव, बिस्किटं, धान्य तर खाऊही नाही. आहारातला कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. पाणी जड वाटीत द्या, बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पितात.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून वजन करा आणि तारखेसह लिहा. लेंड्या ठीक दिसत असतानाही दोन किलोच्या सशाचं वजन सलग दोन आठवडे ५०-१०० ग्रॅमने उतरत असेल तर दाखवून आणा. आणि ससे तपासणारा पशुवैद्य कोण, तो रात्री फोन घेतो का, नसेल तर रात्री कुठे जायचं, याची चौकशी ससा धडधाकट असतानाच करून नंबर फ्रीजवर चिकटवा. बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात, आणि हे रात्री दोन वाजता कळून उपयोग नसतो.